चहा उलट स्वस्त होणार होता
1773 च्या 'बोस्टन टी पार्टी'बद्दल कोणीतरी म्हटलंय की चहा महाग झाला म्हणून अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतीतल्या बोस्टनवाल्यांनी तो समुद्रात फेकला. ब्रिटिशांनी चहावर लावलेला कर नको होता हे बरोबर, पण महागाईचं पटत नाही. त्याच वर्षीच्या ब्रिटिश कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला थेट अमेरिकेत माल विकायची मुभा मिळाली, त्यामुळे पौंडभर वजनाला 3 पेन्स कर धरूनही चहा स्वस्तच पडणार होता, म्हणजे पोट दुखलं ते डच चहाची चोरटी आयात करणाऱ्या व्यापाऱ्यांचं सुद्धा (हे सोयीस्करपणे विसरलं जातं!). आणि त्या 342 पेट्यांतला चहा आपल्याकडचा नव्हे, चीनचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाण्यावर तरंगताना दिसला, कोणी गोळा करून नेऊ नये म्हणून लोकांनी होड्या काढून वल्ह्यांनी बडवून बडवून भिजवला.