पंचविसाव्या मजल्याच्या खाली: 'एट्रियन ओडिसी'तले ऐच्छिक बॉस मारायलाच हवेत का?

कागदी_नकाशा

(धाग्यात पहिल्या भागाचा शेवट उघड केला आहे. ज्यांचा खेळ अजून चालू आहे त्यांनी पुढे वाचू नये.)

गेल्या आठवड्यात 'एट्रियन ओडिसी'चा पहिला भाग संपवला. मूळ गेम २००७ चा, निन्टेन्डो डीएसवरचा. मी खेळलो ती २०२३ ची एचडी आवृत्ती. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पाच जणांची टोळी घेऊन चक्रव्यूहात उतरायचं आणि पावलापावलाला नकाशा आपल्या हातानं काढायचा. भिंत दिसली की रेघ, दार दिसलं की खूण.

बी२५एफवर, म्हणजे पंचविसाव्या मजल्यावर, कथेतला शेवटचा बॉस एट्रिअंट पडला, नामावली सरकली, आणि माझ्या मते खेळ संपला. त्यानंतर उघडतो तो सहावा स्तर, क्लॅरेट हॉलोज, आणखी पाच मजले. शिवाय तीन ड्रॅगन, आणि तळाला बी३०एफवर सगळ्यात मोठा बॉस, प्राइमिव्हिल.

माझी तक्रार अवघडपणाची नाही. पंचवीस मजले हा खेळ मला सांगत होता की गिल्ड तुझं, माणसं तुझी, हवी तशी टोळी बांध. खेळातल्या क्लासांपैकी मी लँड्सक्नेक्ट, डार्क हंटर, सर्व्हायव्हलिस्ट, मेडिक आणि अल्केमिस्ट घेतले. ढाल धरून टोळीला वाचवणारा प्रोटेक्टर घेतलाच नाही, आणि कुठे अडलंही नाही. आता आगीच्या ड्रॅगनसमोर उभा राहिलो तर एका फुंकरीत पाचही जण राख. उपाय काय, तर प्रोटेक्टरची अँटिफायर, म्हणजे आग अडवणारं स्किल. बर्फाच्या ड्रॅगनला अँटिकोल्ड, विजेच्या ड्रॅगनला अँटिव्होल्ट. ज्यानं साठ तास वेगळ्या वाटेनं काढले त्याला शेवटी सांगायचं की वाट एकच होती, हे मला पटत नाही. कथा तर आधीच संपलेली आहे. शहराचा प्रमुख व्हिझिल गेला, टोकियोतल्या शिंजुकूचे अवशेष पाहून झाले. खालच्या राक्षसांना सांगायला काहीही नाही. मग त्यांना मारायचं कशासाठी?

तिसरा_ड्रॅगन

तुम्ही टोळी आणि गिल्ड यात गल्लत करताय. चक्रव्यूहात पाच जण उतरतात, पण गिल्डच्या वहीत त्याहून किती तरी जास्त नावं मावतात. खेळ पहिल्या दिवसापासून तुमच्याकडे गिल्ड देतो. एकाच टोळीवर सगळं ओढायचं, हे तुम्ही स्वतःवर घातलेलं बंधन आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वाट एकच नाही! या मालिकेत फुंकर ही डोक्याची क्रिया आहे. शत्रूचं डोकं, हात किंवा पाय काही टर्न निकामी करता येतात, त्याला बांधणं म्हणतात. डोकं बांधलं गेलं की फुंकर येत नाही. तुमच्या टोळीत डार्क हंटर आहे ना? त्याचं डोकं बांधणारं चाबकाचं स्किल, गॅग, कितव्या पायरीवर आहे? बहुतेकांचे पॉइंट तलवारीच्या स्किलमध्ये जातात आणि चाबकाकडे कोणी बघत नाही. डोकं, हात, पाय तिन्ही बांधले की एक्स्टसीचा जो फटका बसतो, तो बघण्यासाठी तरी एकदा ही लढाई करायला हवी. पंचविसाव्या मजल्यापर्यंत साध्या शत्रूंचे तिन्ही अवयव बांधायची गरजच पडत नाही, ते त्याआधीच मरतात. म्हणजे या क्लासचा निम्मा भाग कथेत उघडतच नाही.

माझ्यासाठी शेवटच्या बॉसचं प्रयोजन एवढंच आहे. तोवर मी स्किलच्या झाडावर पॉइंट टाकत होतो. तिथे पहिल्यांदा ते झाड वाचायला लागलो.

कागदी_नकाशा

गॅग दोनवर आहे. मुद्दा मान्य, डोक्याचा विचार मी केला नव्हता.

पण बांधणं हा नशिबाचा भाग आहे. लागलं तर लागलं. ड्रॅगन सहजासहजी बांधला जात नाही, आणि न लागलेल्या एका टर्नमध्ये सगळं संपतं. प्रोटेक्टरचं कवच मात्र हमखास. एक उपाय हमखास आणि दुसरा चिठ्ठी टाकल्यासारखा असेल, तर त्याला मी दोन वाटा म्हणणार नाही.

चाळीस_मिनिटं

माझा मुद्दा वेळेचा. दोन्ही मुलं झोपल्यावर मला रोज चाळीस मिनिटं मिळतात, तीही सलग नाही. पहिल्या भागात लेव्हलची मर्यादा ७० आहे आणि या बॉससाठी लोक तिथवर जातात. काही जण तर मुरलेल्या माणसाला निवृत्त करून त्याच्या जागी नवा घेतात, कारण नव्याला थोडे जास्त पॉइंट मिळतात. म्हणजे वाढवलेलं माणूस घरी पाठवायचं आणि पुन्हा वरच्या मजल्यांवर फेऱ्या मारायच्या. हे मला खरंच जमत नाही. मी पिकनिक या सर्वांत सोप्या पातळीवर खेळले आणि मला त्याची अजिबात खंत नाही. पण कोणी 'अर्धाच खेळलात' म्हणालं की वाईट वाटतं. ज्या गोष्टीला खेळ स्वतः ऐच्छिक म्हणतो, तिच्यावरून खेळणाऱ्याची इयत्ता ठरवू नये.

तिसरा_ड्रॅगन

ताई, 'अर्धा' हा शब्द चुकीचाच. तो मी कधी वापरणार नाही.

मेडिक_मागच्या_रांगेत

खरी अडचण कोणी बोलतच नाहीये. पहिल्या भागात मेडिकचं इम्युनाइझ हे स्किल आहे. ते पूर्ण वाढवलं की सगळ्या टोळीला बसणारा मार इतका उतरतो की प्राइमिव्हिलसुद्धा मऊ पडतो. धागाकर्ते म्हणतात वाट एकच आहे, ती प्रोटेक्टरची. मी म्हणेन ती मेडिकची आहे, आणि तीच जास्त त्रासदायक आहे, कारण मेडिक सगळ्यांकडे असतोच.

मी पहिल्यांदा इम्युनाइझ लावून प्राइमिव्हिल मारला आणि काहीच वाटलं नाही. दुसऱ्यांदा ते स्किल न घेता गेलो. गाणाऱ्या ट्रूबॅडोरचं रिलॅक्सिंग लावून दर टर्नला थोडा थोडा टीपी (स्किल वापरायला लागणारे पॉइंट) परत येत होता, त्यावर अल्केमिस्ट तग धरून होता. अकरा वेळा मेलो. बाराव्या वेळी उभे राहिले दोघेच, मेडिक आणि शाप देणारा हेक्सर. त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता. बॉस तोच, आकडे तेच. त्यामुळे 'हे बॉस चांगले की वाईट' या प्रश्नाला उत्तर देताना कोणत्या टोळीनं मारला, हे सांगितल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

पाच_कोटी

इतर मालिकांशी ताडून बघा. 'फायनल फँटसी १२' मधल्या याझमॅट या ऐच्छिक बॉसचे एचपी (जीवाचे पॉइंट) पाच कोटींच्या वर आहेत. २००६ च्या मूळ आवृत्तीत साध्या फटक्याला ९,९९९ ची मर्यादा होती. करा हिशेब. तिथे परीक्षा होते ती फक्त चिकाटीची. 'फायनल फँटसी ७' चा एमराल्ड वेपन १० लाखांचा, पण पाण्याखाली फक्त २० मिनिटं मिळतात, म्हणून तिथे घाई करावी लागते, डोकं चालवावं लागतं. एट्रियनचे ड्रॅगन मला या दुसऱ्या जातीचे वाटतात. चुकलात तर दोन मिनिटांत कळतं. तासभर मारून शेवटी हरवत नाहीत. धागाकर्त्यांच्या साठ तासांचा अपमान करणारा बॉस बघायचा असेल तर याझमॅट बघा.

रिकामी_चौकट

सगळे बॉसबद्दल बोलताय, मला मजल्यांबद्दल बोलायचंय.

धागाकर्त्यांनी स्वतःचं नाव कागदी_नकाशा ठेवलंय आणि नकाशा पाच मजले आधी सोडलाय, याचं मला मनापासून आश्चर्य वाटलं. १९८१ च्या 'विझर्ड्री'पासून या प्रकारच्या खेळात लोक आलेखाच्या कागदावर चौकटी भरत आलेत. एट्रियननं तो कागद डीएसच्या खालच्या पडद्यावर आणला, एवढाच काय तो फरक. आणि सहाव्या स्तरात नकाशा काढणं पहिल्यांदाच जीवघेणं होतं. सपाट दिसणाऱ्या जमिनीत खड्डे आहेत, पाय पडला की खालच्या मजल्यावर. प्रत्येक खड्डा एकदा पडूनच कळतो. मी पडायचो, खूण करायचो, पुन्हा वर चढायचो. वरच्या पंचवीस मजल्यांवर मी नकाशा आवडीनं काढला होता. इथे तो नसता तर परतीची वाट सापडली नसती.

एक बारीक गोष्ट, जी मला या खेळात सर्वांत आवडते. टोळी खलास झाली तरी खेळ विचारतो, नकाशा जपून ठेवू का? माणसं, सामान, अनुभव सगळं मागच्या सेव्हला जातं, पण काढलेल्या रेघा राहतात. खाली मेलेली प्रत्येक टोळी पुढच्या टोळीसाठी चार चौकटी ठेवून जाते. तळाला प्राइमिव्हिल नसता तर कोणी कशाला इतक्यांदा खाली उतरलं असतं? त्याला बोलायला काही नाही हे खरं. मला त्याच्याकडून संवाद नकोच होता, उतरायला कारण हवं होतं.

कागदी_नकाशा

रिकामी_चौकट, तुमचा प्रतिसाद काल रात्री दोनदा वाचला. नकाशाबद्दल तुम्ही म्हणता ते मला लागलं, कारण मी पाच मजले सोडले ते बॉसच्या रागापायी, मजल्यांच्या नाही.

तरी माझा मूळ आक्षेप मी मागे घेत नाही. फुंकर डोक्याची आहे, हे मला तिसरा_ड्रॅगन यांनी सांगितलं तेव्हा समजलं. खेळानं पंचवीस मजल्यांत एकदा तरी एखादा छोटा शत्रू असा ठेवायला हवा होता, ज्याचं डोकं बांधल्याशिवाय सुटका नाही. शिकवलं असतं आणि मग विचारलं असतं, तर मी एक शब्द बोललो नसतो. मेडिक_मागच्या_रांगेत यांच्या अकरा मरणांबद्दल आदर आहे, पण शोधून काढायची जबाबदारी सगळी खेळणाऱ्यावर टाकणं मला अजूनही चूक वाटतं.

प्रोटेक्टर घेणार नाही. काही लेव्हल गमावून डार्क हंटरचे पॉइंट परत घेतो आणि चाबकात टाकतो. आधी बी२६एफ पूर्ण काढायचा, ड्रॅगनचं नंतर बघू.

तिसरा_ड्रॅगन

चाबकासोबत हेक्सरही वाढवा, बांधायला दोन जण असले की चिठ्ठी दोनदा टाकता येते. हमखासपणाबद्दल मात्र तुमचं-माझं जमणार नाही. मला त्या न लागलेल्या टर्नची भीतीच हवी असते.

चाळीस_मिनिटं

बी२६एफचा नकाशा पूर्ण झाला की इथे सांगाल का? लढाई मला झेपणार नाही, पण खड्डे मोजायला मी येईन म्हणते.

रिकामी_चौकट

ताई, नक्की या. चक्रव्यूहातून थेट शहरात परत नेणारा अरियाड्नीचा धागा मात्र पिशवीत दोन ठेवा. मी एकच घेऊन गेलो होतो, तो विसाव्या मिनिटाला वापरला आणि पुढच्या फेरीला विकत घ्यायचा राहिला.