‘अर्जंट, पुढे पाठवा’ : पुरात हे बंद व्हायला हवं

जयंती_नाला

ऑगस्ट २०१९, कोल्हापूरचा पूर. शाहूपुरीत आमच्या खालच्या मजल्यात छातीएवढं पाणी, आम्ही सगळे वर. मागच्या गल्लीत एक बाई अडकली होती, दिवस भरत आलेले. मी मेसेज टाकला, ‘शाहूपुरीत गरोदर बाई अडकली आहे, बोट पाठवा, अर्जंट’ आणि खाली माझा नंबर. दीड तासात तालमीची पोरं ट्रकच्या ट्यूब आणि दोरी घेऊन आली, बाईला घेऊन गेली. इथवर झकास.

पण बाई सुटली हे मेसेजला कोण सांगणार? तो पुढचे चार दिवस फिरत होता. नागपूरहून फोन, दुबईहून फोन, ‘ताई कशा आहेत?’ लाइट नाही, पॉवर बँक एकच. तिसऱ्या दिवशी आईची साखर एकदम उतरली तेव्हा डॉक्टरांना फोन लावायला बॅटरी नव्हती. शेजारच्या गच्चीवर हाका मारून फोन मागितला. आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी एक बोट खरंच आली. त्यातला जवान विचारतो, ‘प्रेग्नंट लेडी किधर है?’ ती बोट दुसऱ्याच कुणाकडं तरी निघालेली, मधूनच इकडं वळवलेली. ते दुसरे कोण होते, मला आजतागायत माहीत नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून गेलं की मदतीचे मेसेज पुढं ढकलणं लोकांनी बंद करावं. १०७७ ला, म्हणजे जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला फोन करा, ११२ ला करा, नाहीतर गप्प बसा. शिव्या बसणार हे गृहीत धरलंय.

कृष्णाकाठ

शिव्या नाही देत दादा, पण तुमच्याकडं मदत दोनदा आली म्हणून तुम्ही हे लिहू शकता.

आम्ही शिरोळ तालुक्यातले. पंचगंगा आमच्या इथं नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. शहरातलं पाणी उतरलं की तुमची साफसफाई सुरू होते, आमच्याकडं मात्र ते मुक्कामाला असतं. शिरोलीजवळ हायवे बंद, गावाचा रस्ता बंद. फोन करा म्हणताय, कशावरून करायचा? पाण्याच्या टाकीवर चढलं की रेंजची एक काडी यायची. एका काडीत बोलणं होत नाही, दोन शब्दांत तुटतं. मेसेजचं तसं नसतं. तो रेंजची वाट बघत बसतो आणि मिळाली की सुटतो. म्हणून मेसेज केले, हौस म्हणून नाही. फोन ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज करत होतो, पाळीनं.

माझा मेसेज पुण्यातल्या चुलतभावानं दिसेल त्याला पाठवला. त्यातल्या कुणाची तरी कुठंतरी ओळख निघाली आणि आमच्या वस्तीचं नाव पहिल्यांदा कागदावर चढलं. तुमचा नियम असता तर आम्ही म्हशींबरोबर गच्चीतच.

८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला गावच्याच बोटीत जास्त माणसं बसली, बोट उलटली. मला विचाराल तर माणसं अशी का बसतात ते मला कळतं. पुढची बोट येणार आहे याचा भरवसा नसला की बसतात.

शुक्रवार_पेठ

मूळ लेखाशी सहमत, आणि त्यात भर. आमच्या गल्लीत रात्री साडेअकराला व्हिडिओ आला, ‘राधानगरी फुटलं’. पांढराशुभ्र लोट, मागं ओरडणारी माणसं. बायका-पोरं घेऊन लोक अंधारात पाण्यातून निघाले. एक आजोबा घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं. सकाळी कळलं, व्हिडिओ मागल्या कुठल्यातरी पावसाळ्यातला.

राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक. दर पावसाळ्यात पेपरात येतं. धरण फुटू नये म्हणूनच ते उघडतात हो! आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५४ मध्ये खोटी भीती पसरवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. लावा की एकदा.

चौथी_गल्ली

काय राव, तुमच्या त्या गरोदर ताईला काढायला तालमीची पोरं आली म्हणताय, ती पोरं कशी जमली? दवंडीवर? ग्रुपवरच जमली की! आमचा ग्रुप एरवी गणपतीच्या वर्गणीचा आणि फुटबॉलच्या भांडणांचा. त्या आठवड्यात तिथं ट्यूब कुणाकडं, दोरी कुणाकडं, पोहायला पक्कं कोण येतंय, एवढंच चाललं होतं. सगळे एकमेकांना ओळखणारे, म्हणून खोटं चालत नव्हतं. एकानं गंमत केली, त्याच्या घरी जाऊन कान पिळला.

घोळ झाला तो पाणी उतरल्यावर. ज्या गावाचा व्हिडिओ गाजला तिथं बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, जुन्या साड्या यांचे ट्रकवर ट्रक. तिथनं चार किलोमीटर आत एक वस्ती, रस्ता खचलेला, तिथं कोण गेलंच नाही. आम्ही टेम्पो घेऊन गेलो तर म्हातारी म्हणाली, ‘आमचा फोटो काढून नेणार, का कायतरी देणार?’ लई लागलं ते.

वही_पेन

२०१९ मध्ये मी एका मदत केंद्रात फोनजवळ बसून नोंदी लिहायचं काम केलं. पगारी नाही, आपलं जमेल तसं. त्यामुळे दोन्ही बाजूंना थोडी चिडूनच लिहिते आहे.

‘चिखलीत माणसं अडकली आहेत, कृपया मदत करा.’ असे मेसेज आम्हाला ढिगानं येत. कुठली चिखली? करवीरची प्रयाग चिखली, की कागल तालुक्यातली, की शिराळ्याकडची? तारीख नाही, वेळ नाही, किती माणसं ते नाही. हात जोडलेली चित्रं मात्र आठ-आठ. फोन लावावा तर तो पाठवणाऱ्याच्या पाचव्या ओळखीच्या माणसाचा निघायचा. ‘मला पण आलाय, म्हणून टाकला.’

यावर ‘मेसेज बंद करा’ हे उत्तर नव्हे, जयंती_नाला. केरळात २०१८ च्या पुरात सरकारच्या आयटी मिशननं स्वयंसेवकांना घेऊन एक वेबसाइट उभी केली होती, केरळा रेस्क्यू. जागा, माणसं, काय हवं, हे रकान्यांत भरायचं. नातेवाईक आखातात असला तरी तिथून भरू शकत होता. आणि माणसं प्रत्यक्ष काढायला मच्छीमार आपल्या बोटी ट्रकवर घालून आले होते. मेसेज पाठवायचा असेल तर पाठवा, पण गाव, तालुका, तारीख, वेळ आणि तिथं हजर असलेल्या माणसाचा नंबर घाला. आणि सुटका झाली की ज्यांना ज्यांना पाठवला त्यांना कळवा. हे शेवटचं कुणीही करत नाही. म्हणजे शब्दशः कुणीही.

निवृत्त_मास्तर

आपण सर्व तरुण मंडळी टॉवर चालू आहे असं धरून वाद घालत आहात. ३० जुलै २०१४ ला माळीण गावावर डोंगर आला. दीडशेच्या वर माणसं गेली. बाहेर खबर कुणी दिली? नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकानं. त्याला गाव दिसेना. फोन असलेली माणसं ढिगाऱ्याखाली होती.

टॉवरला वीज लागते, वीज गेली की बॅटरी, मग डिझेल. डिझेल त्याच बुडालेल्या रस्त्यानं यायचं. फोन वापरू नका असं मी म्हणत नाही. परंतु प्रत्येक वाडीत पोहणारे कोण, बोट कुणाची, आजारी कोण, याची यादी मे महिन्यात कागदावर हवी. मी ग्रामसभेत हे तीनदा मांडलं. पहिल्या वेळी हसले. पुढच्या दोन वेळी कोरम नव्हता.

पाच_नद्या

मास्तर, यादी हवीच, पण फोनला एवढं खाली नका बसवू. हैतीत जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर ४६३६ हा फुकट एसएमएसचा नंबर चालू झाला आणि तो लोकांना सांगितला रेडिओनं. मेसेज क्रेयोल भाषेत, ते वाचणारे इंग्रजी जाणणारे. मग परदेशातल्या हैतीच्याच लोकांनी बसून भाषांतर केलं, गल्लीबोळ ओळखून जागा शोधून दिल्या. ते मेसेज नकाशावर मांडायला वापरलेली उशाहिदी ही प्रणाली केनियातली, तिथल्या २००८ च्या दंगलीत जन्मलेली. श्रीमंत देशाचा चोचला नव्हता तो. आपल्या शाहूपुरीच्या बोटीतला जवान ‘लेडी किधर है’ विचारतो तेव्हा त्याच्याशेजारी गल्ली माहीत असलेला एक पोरगा नको का बसवायला?

आणि कलम ५४ वाल्यांना एक आठवण. जून २०२३ मध्ये स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद केलं गेलं. अफवा थांबवायला तो उपाय असेलही. तीच बंदी जुलैत, पाणी ४५ फुटांवर असताना आली असती तर? हुकूम काढणाऱ्याला नदी दिसत नसते.

जयंती_नाला

कृष्णाकाठ, टाकीवर चढून एक काडी शोधणाऱ्याला मी गप्प बस म्हणणार नाही. तेवढं मागं घेतो. पण पुण्यात कोरड्यात बसून अंगठ्यानं ढकलणाऱ्याला म्हणणारच. त्यानं आधी खालचा नंबर लावून विचारावं, लागला नाही तर पाठवू नये.

कृष्णाकाठ

आमचा नंबर लागतच नव्हता, हेच तर सांगतोय! लागला नाही म्हणून चुलतभाऊ थांबला असता तर झालंच. फोन लागत नाही त्यालाच मदत जास्त लागते. तुमचा हा दुसरा नियम पहिल्यापेक्षा वाईट आहे.

चौथी_गल्ली

बरोबर बोलला गडी.

शुक्रवार_पेठ

मग खरं-खोटं करायचं कुणी? २०२३ ला सरकारनं चाचणी म्हणून सगळ्यांचे फोन एकदम किंचाळवले होते, आठवतंय ना? टॉवरखालच्या प्रत्येक फोनवर एकदम इशारा, नंबरही लागत नाही. धरणाबद्दलचं जे काय ते त्याच्यावरच यावं. बाकी सगळं खोटं धरावं.

वही_पेन

इशारा वरून खाली येईल हो, हाक खालून वर कशी जाणार? ते ऐकायला माणूसच बसवावा लागतो.

जयंती_नाला, तुमचा मेसेज वाचल्यापासून काहीतरी आठवत होतं. माळ्यावरून ती वही काढली. शाहूपुरी, गरोदर महिला, अशी नोंद तीन पानांवर तीनदा आहे, तीन वेगळ्या पत्त्यांनी, नंबर एकच. पहिल्या दोन नोंदींपुढे ‘बोट सांगितली’. तिसरीपुढे माझ्याच अक्षरात आहे, ‘फोन बंद येतोय’. सुटल्याची खूण कुठंच नाही, त्यामुळे ती बाई आमच्या हिशेबी अजून अडकलेलीच होती. तिन्ही नोंदी आत्ता खोडल्या.