सणासुदीत घर खायला उठलं तेव्हा : तुमचे अनुभव लिहा

दिवाळी पंधरा दिवसांवर आली. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गल्लीत सहापैकी चार घरांना कुलूप. पोरं पुण्याला, म्हातारे त्यांच्याकडं. गेल्या साली दोघांपुरते कानुले (करंज्या) करायला बसले अन् सारण तसंच झाकून उठले. तुमचं काय झालं ते लिहा. ‘छंद जोपासा, मन रमवा’ हे नको. नेमकं कोण आलं, काय म्हणालं, ते सांगा.

यवतमाळकडून
माझी गोष्ट पोळ्याची आहे, चालते ना? २०१९ साली बैलजोडी विकली. वावर आता भाड्याच्या ट्रॅक्टरनं होते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे शेकायचे, पळसाच्या पानानं तूप-हळद लावायची अन् म्हणायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ जन्मभर म्हटलं. त्या साली आवतन द्यायला कोणी नव्हतं, गोठ्यात मोटारसायकल उभी. बायकोला जाऊन तीन वर्षं झाली होती, पण त्या संध्याकाळी वाटलं तसं तिच्या तेरवीलेही वाटलं नव्हतं. (हसाल, हसा.)

दुसऱ्या दिवशी तोरणाकडं, जिथं गावची बैलं उभी करतात, गेलोच नाही. तर शेजारचा नववीतला पोट्टा पळत आला, ‘आबाजी, झडत्या कोणालेच येत नाहीत, बैलं खोळंबले!’ झडत्या म्हणजे पोळ्यात बैलांपुढं म्हणायची गाणी. खरंच, म्हणणारे सगळे जुने गेले. जाऊन दोन-चार म्हणून परत यायचं ठरवलं होतं, अकरा झाल्या. शेवटचं ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ म्हणेपर्यंत गळा बसला. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन पहिले माझ्याच ओट्यावर, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागाले. तो पोट्टा आता दर श्रावणात वही घेऊन येते, झडत्या उतरवाले. अक्षर लय घाण आहे त्याचं.

अमरावती जिल्हा
हे गेल्यानंतरची पहिली दिवाळी. घरात तळण नव्हतं. तीन घरून फराळाची ताटं आली. बायका ताट ठेवत, डोळे पुसत अन् लगेच निघत. चौथी आली ती मोठी कढई मागायला. दारातूनच म्हणाली, ‘माझे कानुले तेलात फुटतात काकू, तुम्हीच येऊन बसा.’ बसले. मध्येच रडले, तिनं झारा हातातून काढून घेतला नाही.

देसाईगंजजवळ, शिक्षिका
मी सांगलीची. २०२४ साली दिवाळीनंतर तिसऱ्या आठवड्यात विधानसभेचं मतदान, त्यामुळं गावी गेले नाही. खोलीत एकटीच. इकडं दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्रभर झाडीपट्टीचं, म्हणजे या पूर्व विदर्भातलं, नाटक असतं, घराघरात पाहुणे मावत नाहीत. मला ठाऊक नव्हतं. वाटलं, एवढा गोंगाट कशाला? घरमालकीण आली, ‘मॅडम, पंचवीस जण आहेत, तांदूळ निवडाले येता का?’ निवडता निवडता त्यांच्या नणंदेनं माझ्यासाठी स्थळही काढलं. नाटक पहाटे संपलं. स्थळ नाकारलं, नणंद अजून फोन करते.

बुलढाणा
सगळ्यांचं असं गोड होत नाही बाप्पा. पोरगा व्हिडिओ कॉल करते, नातू दिवा दाखवते, चार मिनिटांत संपते. मग रात्रभर टीव्ही. माझ्याकडं कोणी काही मागाले येत नाही.

धागा सुरू करणारी
काका, तुमचं वाचून दोनदा उठले. झोप लागत नसेल, मन फारच बसत असेल, तर १४४१६ लावा. सरकारची टेलिमानस म्हणून मनाच्या त्रासासाठीची फोनसेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. एकदा लावायला लाज कसली?

अन् दुसरं. औंदा सारण झाकून ठेवायचं नाही असं ठरवलंय. खोबरं किसायला माणूस नाही. वर्धेकडं यायचं जमेल काय?