बालवाडीत नाचातून अंक-आकार शिकवता येतात का?

चिंचेचं_पान: माझ्याकडे तीन ते पाच वयाची पंचवीसेक मुलं आहेत आणि खोली एवढीशी. अंकांचं गाणं लावलं की नाचतात मस्त, पण समोरच्याची स्टेप कॉपी करतात, नंतर चार मणी दे म्हटलं की ओंजळ भरून आणतात 😀 त्यात पालक म्हणतात नाचायला पाठवलंय का. कोणी नाचातून खरंच काही शिकवलंय का?

घुंगुरवाळी: अगं आधी स्पीकर बंद कर, गाणं पुढे पळतं आणि मुलं त्याच्यामागे धावतात. तोंडाने तालाचे बोल म्हण, सावकाश. तकिट म्हणजे तीन पावलं, तकधिमि म्हणजे चार. एका अक्षराला एकच पाऊल पडायला हवं, मोजणी तिथेच आहे. आमच्या भरतनाट्यमला तकिट आणि तकधिमि जोडून सात करतात, तर मोठ्या मुलांना ती बेरीज आधी पायाने करू दे, वहीत 3+4 नंतर बघू.

पाड्यावरचा: आमच्या डहाणूकडे तारपा नाच बघा. तारपा म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य. तारपावाला मध्ये, बाकीचे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती, तो वळेल तशी रांग वळते. आत-बाहेर, जवळ-लांब, पुढे-मागे सगळं त्यातच येतं, वेगळं काही शिकवावं लागत नाही. नाचून झालं की तोच गोल खडूने जमिनीवर काढायला लावा, वारली चित्रात असतो तसा, माणसं दोन त्रिकोणांची. खोली लहान असेल तर अंगणात न्या, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं ते पुढे पाड्यांवरच्या अंगणातच गेलं की.

निवृत्त_बाई: सगळं खरं, पण पावलं बरोबर पडली म्हणजे चार कळले असं समजू नका. नाच संपल्या संपल्या चिंचोके पुढे ठेवायचे आणि आत्ता जेवढी पावलं टाकलीस तेवढे दे म्हणायचं. कळलं की नाही ते तिथे दिसतं, आणि पालकांनाही तेच दाखवा, गॅदरिंग नको. जे मूल नाचायला तयार नसेल त्याला ओढू नका, त्याला टाळी वाजवत पावलं मोजायला बसवा. आणि रंग वगैरे नाचातून कशाला, ते डोळ्यांनी बघायचे.

चिंचेचं_पान: चिंचोके आहेत भरपूर, उद्याच करते. पाचसाठी बोल काय?

घुंगुरवाळी: तकतकिट. पण घाई नको, आधी तीन पक्के होऊ देत.