अमेरिकेहून आणलेला टर्नटेबल संथ फिरतो, पण स्ट्रोबची चकती स्थिर दिसते

पेठेतला श्रोता:
नमस्कार मंडळी. आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील जुन्या घराच्या माडीवर मी एक संच मांडत आहे. मामांनी अमेरिकेतून परतताना आणलेला 1970 च्या दशकातील बेल्टवर चालणारा टर्नटेबल (तबकड्या वाजवण्याचे यंत्र), त्याच काळातील फोनो इनपुट (टर्नटेबल जोडण्याची सोय) असलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी खोक्यांतील स्पीकरची जोडी, असे त्याचे स्वरूप आहे. दोन्ही यंत्रे 120 व्होल्टची असल्याने स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर जोडला आहे.

अडचण अशी, की प्रत्येक एलपी संथ आणि जड वाजते. तीच ध्वनिमुद्रणे मोबाइलवर लावून पेटीशी ताडून पाहिली, तेव्हा काळी 4 मध्ये असलेला गायिकेचा षड्ज तबकडीवर पांढरी 4 ला उतरलेला आढळला. टर्नटेबलसोबत आलेली स्ट्रोबची कागदी चकती (वेग बरोबर असेल तर लुकलुकत्या दिव्याखाली हिच्यावरच्या रेषा स्थिर दिसतात) मात्र माडीवरच्या ट्यूबलाइटखाली अगदी स्थिर दिसते, त्यामुळे वेग बरोबर मानावा की चूक, हेच कळेनासे झाले आहे.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. दोन्ही स्पीकर एकत्र लावले की एकट्या स्पीकरपेक्षाही खर्ज कमी ऐकू येतो, आणि वूफरच्या (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) कडेचा फोम बोट लावताच भुग्यासारखा गळतो. शिवाय माडीवर कोणी चालले, की सुई उडी मारते.

मिरजेचा तानपुरा:
बेल्ट सैल झाला असावा, किंवा आपल्याकडे संध्याकाळी विजेचा दाब उतरतो त्याचा हा परिणाम असावा. नवा बेल्ट आणि एक स्टॅबिलायझर घेऊन पाहावे.

उद्यमनगरचा टर्नर:
मिरजकर, बेल्ट सैल असता तर तो घसरला असता आणि सूर डळमळला असता. येथे सूर स्थिर राहून खाली गेला आहे आणि किती खाली, हे प्रश्नातच दिलेले आहे. पांढरी 4 पासून काळी 4 म्हणजे षड्जापासून कोमल गंधाराएवढे अंतर होय. त्याचे गुणोत्तर 6:5 धरतात. अमेरिकेतील वीज 60 हर्ट्झची आणि आपली 50 हर्ट्झची, हेही 6:5 च. त्या काळातील बहुतेक साध्या बेल्टच्या टर्नटेबलांत सिंक्रोनस मोटर असे, आणि तिचा वेग विजेच्या दाबावर नव्हे, वारंवारतेवर ठरतो. ट्रान्सफॉर्मर 230 चे 120 व्होल्ट करून देतो, पण 50 हर्ट्झचे 60 करत नाही. त्यामुळे 33⅓ ऐवजी आपली तबकडी मिनिटाला सुमारे 27.8 फेरे घेत आहे. घड्याळ लावून पाहा, 20 मिनिटांची बाजू 24 मिनिटे चालेल.

आता चकतीचे कोडे. 60 हर्ट्झसाठी छापलेल्या चकतीवर 33⅓ च्या वर्तुळात 216 रेषा असतात. आपली चोक असलेली ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा, म्हणजे मिनिटाला 6000 वेळा उजळते. 6000 ला 216 ने भागले की 27.8 येतात. चुकीच्या वेगाला चुकीची चकती तंतोतंत जुळली आहे, म्हणून ती स्थिर दिसते. आपल्याकडे 180 रेषांची चकती लागते. ती पाहताना बहुतेक एलईडी दिव्यांचा उपयोग होत नाही, कारण त्यांचा प्रकाश हवा तसा लुकलुकत नाही.

यावर उपाय म्हणजे मोटरवरची, बेल्ट फिरवणारी पुली बदलणे. 50 हर्ट्झची मूळ पुली मिळाली तर उत्तमच, नाहीतर आपल्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत हे काम करून मिळू शकते. पुलीचा व्यास सरळ 1.2 ने गुणून मात्र देऊ नये. बेल्टची जाडीही हिशेबात धरावी लागते. समजा, सध्याचा व्यास 10 मिमी आणि बेल्ट 0.6 मिमी जाड आहे, तर 10.6 गुणिले 1.2, म्हणजे 12.72, आणि त्यातून 0.6 वजा करून 12.12 मिमी व्यास येतो. नुसती 12 ची पुली लावली तर वेग जवळजवळ एक टक्क्याने कमी राहील, आणि पेटी घेऊन बसणाऱ्या माणसाला तेवढेही खटकते.

पुली पितळेची करावी. मोटरच्या दांड्यासाठीचे बोअर आणि बाहेरचा व्यास एकाच सेटिंगमध्ये टर्न करून घ्यावा. नाहीतर पुली आऊट (मध्यापासून सरकून) फिरते आणि लांब स्वर हेलकावतात. जेथे बेल्ट बसतो तो भाग मध्ये किंचित फुगीर ठेवावा, म्हणजे बेल्ट सरकत नाही.

पेठेतला श्रोता:
खूप आभारी आहे. आज घड्याळ लावून पाहिले, हिशेब जुळतो. माझ्या पुलीला 33 आणि 45 साठी दोन पायऱ्या आहेत. दोन्ही एकाच गुणोत्तराने वाढवायच्या का? आणि मोटरला काही धोका आहे का?

उद्यमनगरचा टर्नर:
होय, दोन्ही पायऱ्यांना हाच हिशेब लावावा. फक्त मोठी पायरी वाढल्यावर ती बेल्टच्या सरकत्या दांडीला किंवा प्लॅटरच्या आतल्या कडेला घासणार नाही ना, हे टर्न करण्यापूर्वी मोजून घ्यावे. 60 हर्ट्झची मोटर 50 वर थोडी जास्त तापते. तासभर चालवून हात लावून पाहावा; चटका बसण्याइतकी तापली, तर 60 हर्ट्झचा पुरवठा करणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र जोडावे. ते पुलीपेक्षा महाग पडते, पण मग पुली जुनीच चालते. अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मरही याच कारणाने अधिक तापतो, त्याच्यावर काही ठेवू नये.

जुनी खोकी:
स्पीकरविषयी मी सांगतो. दोन्ही मिळून खर्ज कमी होतो, याचा अर्थ बहुधा एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या आहेत. एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि खालचे स्वर परस्परांना मारतात. अ‍ॅम्प्लिफायरपासून तारा सोडवून स्पीकरच्या लाल टोकाला दीड व्होल्टच्या सेलचे धन टोक क्षणभर लावावे. दोन्ही वूफर एकाच दिशेला हलले पाहिजेत. ती दिशा बाहेरची की आतली, हे दुय्यम आहे, कारण जुन्या जेबीएलसारख्या काही स्पीकरांत ती मुळातच उलट असते.

फोम गळू लागला असेल, तर मात्र स्पीकर आता वाजवूच नयेत. कड सुटली की कॉइल तिरकी होऊन चुंबकाला घासते, आणि मग थोडक्या खर्चाच्या कडेऐवजी संपूर्ण वूफर दुरुस्तीला काढावा लागतो. हा फोम न वाजवताही दमट हवेने कुजतो, आणि आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट त्याला पुरेसा आहे. नवी कड शक्यतो रबराची न घेता मूळच्याच वजनाच्या फोमची घ्यावी. रबर टिकते, पण जड असल्याने पडद्याची चाल बदलू शकते. खोके उघडलेच आहे तर क्रॉसओव्हरमधील (खालचे आणि वरचे स्वर वेगळे करणाऱ्या भागातील) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मोजून घ्यावेत. बदलायचे झाल्यास बायपोलर (धन-ऋण टोकांचा भेद नसलेल्या) प्रकारचेच घालावेत, दुकानदार साधे पुढे करील.

सुईची उडी ही माडीच्या लाकडी तक्तपोशीची देणगी आहे. टर्नटेबल जमिनीवरच्या टेबलावरून काढून भिंतीतल्या फळीवर ठेवावा. पेठेतल्या पांढऱ्या मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही, तेव्हा फळीचे ब्रॅकेट भिंतीतल्या लाकडी खांबाला स्क्रूने आवळावेत. स्पीकर त्या फळीवर ठेवू नयेत, नाहीतर त्यांचाच हादरा सुईत जाऊन घुमू लागेल.

मिरजेचा तानपुरा:
स्टॅबिलायझरचे माझे म्हणणे मागे घेतो. मामांच्या संग्रहात मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या असतील, तर त्या या सुईने वाजवू नयेत. त्यांची खाच रुंद असते आणि तिला सुमारे 3 मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. त्या लाखेच्या असल्याने अल्कोहोल असलेल्या द्रावणाने पुसूही नयेत, कारण लाख त्यात विरघळते.