प्रतिसाद : त्रिनिदादच्या धर्मगुरूचे वर्ष

कॅरिबियन बेटावरील कॅथलिक धर्मगुरूला नाताळ आणि ईस्टर सोडले तर फारसे काम नसावे, असा सूर वरच्या काही प्रतिसादांत दिसला. त्रिनिदादपुरते तरी हे पटत नाही.

तेथे नाताळ आगमनकाळातच, म्हणजे त्याआधीच्या तयारीच्या चार आठवड्यांतच, सुरू होतो. क्वात्रो (चार तारांची छोटी गिटार) आणि मराकासच्या (खुळखुळ्यांच्या) साथीने स्पॅनिश 'परांग' गाणारे गट घरोघरी फिरतात. मग ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या तोंडावर येणारा कार्निव्हल, आणि मंगळवारी मध्यरात्री तो संपला की, दोन दिवस रस्त्यावर नाचून दमलेल्यांपैकी बरेच जण दुसऱ्या सकाळी, उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, पश्चात्तापाची खूण म्हणून कपाळाला राख लावून घ्यायला चर्चमध्ये उभे असतात. (राखेच्या बुधवारी तेथे सार्वजनिक सुट्टी नसते, ही मौजच!)

खरी कसोटी मात्र दक्षिणेकडील सिपारियाच्या धर्मगुरूची. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी सायंकाळच्या मिस्सानंतर (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेनंतर) वेदीवरील वस्त्रे उतरवली जातात, गुड फ्रायडेला मिस्सा नसते. पण नेमक्या याच दोन दिवसांत, १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर करारावर आणलेल्या भारतीय मजुरांचे हिंदू वंशज 'ला दिविना पास्तोरा'च्या (दैवी मेंढपाळीण रूपातील मरियेच्या) सावळ्या मूर्तीपुढे 'सोपारी माई' म्हणून तांदूळ, तेल, फुले, दागिने वाहतात आणि लहान मुलांचे जावळही तेथेच काढतात. ईस्टरनंतर काही आठवड्यांनी कॅथलिकांचा उत्सव होतो आणि तीच मूर्ती मिरवणुकीने निघते. गुड फ्रायडेला दुपारी तीनच्या, ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या उपासनेची शांतता राखायची आणि आवारातील नवसाची रांगही अडवायची नाही, हे सांभाळणाऱ्याला निवांत म्हणणे मला तरी जड जाते.