फॅमिली ग्रुप सोडावा का?

वैतागलेला_भाचा: आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ६४ जण, पहाटे साडेपाचपासून गुड मॉर्निंगची फुलं, मोबाइल हँग. पण आजीला रक्त लागलं तेव्हा तासाभरात दोन डोनर इथूनच मिळाले, म्हणून पाय निघत नाही. काय करू?

चहाबाज: सोडू नका हो, लगेच फोन येतात "काय बिनसलं?" म्यूट करा नि ऑटो डाउनलोड बंद.

खानदेशी: फुलं परवडली. २०१८ ला आमच्या धुळे जिल्ह्यात, राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने ५ जणांना ठार मारलं, असले मेसेज फिरतच होते. तेव्हापासून मामा असो की साहेब, मी विचारतोच, कुठून आलं हे?

वैतागलेला_भाचा: म्यूट केलं. आत्ताच आत्याचा फोन, "फुलं बघितली नाहीस?"